दोन नंबरच्या क्वार्टरबॅकचं काय करायचं?

नमस्कार ताई,

आमच्या ऑफिसात बारा जणांची फँटसी फुटबॉल लीग आहे (अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडायचा, त्यांच्या खेळावर आपल्याला पॉइंट्स). प्रकार सुपरफ्लेक्स, म्हणजे दोन क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) खेळवता येतात. मी सिनसिनाटीत राहतो, त्यामुळे जीव इथल्या बेंगल्स संघावर. गेल्या मोसमात, २०२५ मध्ये, खेळाडू निवडायच्या पहिल्याच फेरीत त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो घेतला. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पायाचा अंगठा गेला. घाबरून मी वेव्हरच्या (कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंवर बोली लावायच्या) १०० डॉलरमधले ५८ त्याच्या जागी आलेल्या जेक ब्राउनिंगवर लावले आणि दोन सामने बघून त्याला सोडून दिलं. मग जो फ्लॅको आला. चाळिशीचा माणूस आता काय करणार, म्हणून मी बोलीच लावली नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्याला ४ डॉलरला उचललं आणि नोव्हेंबरात मलाच हरवलं. यंदा पुन्हा बरो मिळाला तर शेवटच्या फेरीत त्याचा बॅकअप, म्हणजे राखीव क्वार्टरबॅकही घेऊन ठेवावा का? आणि कुठला बॅकअप पॉइंट्स देईल हे आधी ओळखायचं कसं? आणखी एक. बायको म्हणते, कोणी मैदानावर पडला की तुझा हात आधी फोनकडे जातो, हे काही बरं नाही.

– दोनदा पोळलेला

दोनदा पोळलेले सिनसिनाटीकर,

मी राहते क्लीव्हलँडच्या बाजूला. तुमच्याकडे बॅकअप हे संकट असतं, आमच्याकडे तो पावसाळ्यासारखा दरवर्षी येतो. २०२३ च्या एका मोसमात आमच्या ब्राउन्सने पाच वेगवेगळ्या क्वार्टरबॅकना सामन्याच्या सुरुवातीपासून उतरवलं होतं. तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार मी बसून बसून कमावलाय.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ब्राउनिंग संघात मुरलेला, म्हणून ५८ डॉलर. फ्लॅको म्हातारा, म्हणून शून्य. दोन्ही वेळा तुम्ही माणसाकडे बघून भाव ठरवलात. बॅकअपच्या बाबतीत माणूस शेवटी बघायचा. आधी बघायचं की तो कुणाच्या घरात येऊन पडलाय.

फ्लॅकोच घ्या. २०२५ चा मोसम त्याने आमच्याकडे सुरू केला. चार सामने, दोन टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे), सहा इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास), आणि बाकावर. ७ ऑक्टोबरला त्याला तुमच्याकडे पाठवलं. नऊ दिवसांनी गुरुवारी रात्री स्टीलर्सविरुद्ध त्याने ३४२ यार्ड आणि तीन टचडाउन फेकले, रिसीव्हर (पास झेलणारा) जमार चेसने एकट्याने १६ झेल घेतले. २ नोव्हेंबरला बेअर्सविरुद्ध ४७० यार्ड, चार टचडाउन. माणूस तोच, खांदा तोच (उलट दुखरा), वयही तेच. बदललं काय, तर समोर धावणारी माणसं. आपल्याकडे नाटकात रिप्लेसमेंट असते ना, तसं. नवा नट ऐन वेळी उभा राहतो, पण संहिता तीच आणि समोरचे कसलेले असले तर प्रयोग पार पडतो. समोरचेही लटपटत असले तर पडदा लवकर पाडावा लागतो.

याचा सगळ्यात जुना दाखला माझ्या डोक्यात २००८ चा आहे. नामांकित क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला आणि मॅट कॅसल उभा राहिला. या गृहस्थाने कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून एकही सामना सुरुवातीपासून खेळलेला नव्हता. आधीची सुरुवात थेट हायस्कूलमधली. त्याने त्या वर्षी ३,६९३ यार्ड आणि २१ टचडाउन पास दिले, कारण पलीकडे रँडी मॉस आणि वेस वेल्करसारखे रिसीव्हर होते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मग ब्राउनिंगलाही चेस होता, दुसरा रिसीव्हर हिगिन्स होता, तो का आपटला? बरोबर आहे, इथे माझं गणित थोडं अडखळतं. पण त्याचे दोन सामने आठवा. पहिला मिनियापोलिसला, व्हायकिंग्जच्या घरी, ४८-१०. दुसरा डेन्व्हरला, सोमवारी रात्री, २८-३. दोन्ही परमुलखात आणि दोन्ही डिफेन्स असे की भल्याभल्यांची त्रेधा उडावी. १४० यार्ड आणि १२५ यार्ड. दोन्ही मिळून पॉइंट्स दहाच्या आसपास. तुम्ही त्याला सोडलात, आणि पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर लायन्सविरुद्ध त्याने २५१ यार्ड आणि तीन टचडाउन दिले. तीन इंटरसेप्शनही दिले, सामना ३७-२४ हरला, सगळा माल चौथ्या क्वार्टरमध्ये, खेळ हातचा गेल्यावर. पण फँटसीत त्या कचऱ्याचेही पैसे मिळतात. सोळा पॉइंट्स! तेव्हा बॅकअपवर बोली लावायच्या आधी त्याचे पुढचे चार सामने कुणाशी आणि कुठे, एवढं कॅलेंडर तरी काढून बघायचं. ५८ डॉलर त्या वेळापत्रकासाठी फार होते, आणि लायन्सच्या आधी सोडणं घाईचं होतं.

हाच ब्राउनिंग २०२३ मध्ये बरोचं मनगट गेल्यावर आला होता. तेव्हा सोमवारी रात्री जॅक्सनव्हिलमध्ये त्याने ३७ पैकी ३२ पास पूर्ण केले, ३५४ यार्ड, एक टचडाउन फेकून, एक स्वतः पळून. चोवीसच्या वर पॉइंट्स. मला वाटतं तुम्ही त्या रात्रीच्या आठवणीवर बोली लावलीत. सिनसिनाटीत राहणाऱ्याला ते टाळणं कठीणच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि आपली मंडळी तिथेच फसतात. बॅकअप जिंकतो की हरतो याच्याशी तुमचं काही देणंघेणं नाही. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला हे पटायला जड जातं, कारण आपल्याला सामना जिंकून देणाऱ्याचं कौतुक. २०२२ मध्ये डॅक प्रेस्कॉटचा अंगठा मोडला तेव्हा कूपर रशने काउबॉइजना सलग चार सामने जिंकून दिले. टीव्हीवर नुसता जयजयकार. त्यातल्या एका विजयात, रॅम्सविरुद्ध, त्याने १०२ यार्ड फेकले. चार पॉइंट्स! आणि चार विजयांत एकदाही अडीचशे यार्ड नाहीत. का? डिफेन्स इतका उत्तम की प्रशिक्षकाने त्याला एकच काम दिलं होतं: काही बिघडवू नकोस. २०२४ मध्ये पॅकर्सच्या मलिक विलिसचं तेच. नियमित क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह जखमी झाल्यावर तो कोल्ट्सविरुद्ध जिंकला, फक्त १४ पास टाकून. त्या दिवशी रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) जॉश जेकब्सच्या हातात ३२ वेळा चेंडू दिला. चतुर कोचिंग, सुंदर विजय, आणि तुमच्या रकान्यात चणे-फुटाणे.

म्हणून उलटं शोधायचं. ज्या संघाचा डिफेन्स गळका आहे त्याचा बॅकअप. तुमच्या बेंगल्सनी गेल्या वर्षी लागोपाठच्या दोन सामन्यांत जेट्सना ३९ आणि बेअर्सना ४७ गुण दिले, आणि जेट्स तोवर एकही सामना जिंकले नव्हते! असा डिफेन्स घरात असला की क्वार्टरबॅकला शेवटच्या शिटीपर्यंत फेकतच राहावं लागतं. फ्लॅको ४७० यार्ड फेकून तो बेअर्सचा सामना हरला होता. तुमच्या सहकाऱ्याला त्याचं काय? त्याचे जवळजवळ ३१ पॉइंट्स झाले. आमच्या जेमिस विन्स्टनने २०२४ मध्ये डेन्व्हरविरुद्ध ४९७ यार्ड, चार टचडाउन आणि तीन इंटरसेप्शन असा संसार एकाच रात्रीत मांडला. दोन इंटरसेप्शन तर प्रतिस्पर्ध्याने थेट टचडाउनसाठी परत आणले. आम्ही ४१-३२ हरलो, शेजारी टीव्ही बंद करून झोपायला गेले, आणि ज्यांच्या संघात विन्स्टन होता ते नाचत होते.

पाय असलेला बॅकअप मात्र वेगळ्या जातीचा. २५ यार्ड फेकल्यावर एक पॉइंट मिळतो, पळून मात्र १० यार्डांतच. फेकलेला टचडाउन बहुतेक लीगमध्ये चारचा, पळून केलेला सहाचा. म्हणजे ५० यार्ड पळणारा माणूस १२५ यार्ड फेकण्याइतकं काम पायांनी करून ठेवतो, मग हात जेमतेम असला तरी चालतो. २०२१ च्या डिसेंबरात रेव्हन्सचा लमार जॅक्सन नव्हता तेव्हा टायलर हंटलीने पॅकर्सविरुद्ध २१५ यार्ड फेकले, ७३ पळाला, दोन टचडाउन फेकून आणि दोन पळून. जवळजवळ ३६ पॉइंट्स, तेही बहुतेक लीगचे प्लेऑफ सुरू असताना. रेव्हन्स तोही सामना ३१-३० हरले, हे आता सांगायला नकोच. टेसम हिलची तर गंमतच. २०२० मध्ये ड्रू ब्रीजच्या जागी तो उभा राहिला तेव्हा एका मोठ्या अ‍ॅपमध्ये त्याची नोंद टाइट एंड (झेल घेणारी, एरवी कमी पॉइंट्स देणारी जागा) म्हणून होती. लोकांनी चक्क क्वार्टरबॅकला टाइट एंडच्या जागी बसवलं. त्याने २३३ यार्ड फेकले, ५१ पळाला, दोन टचडाउन पळून केले. त्या आठवड्यात किती लीगमध्ये भांडणं झाली असतील! (नियमात होतं, तेव्हा माझ्या मते त्यात काही गैर नव्हतं. आमच्या लीगमधले एक काका अजून माझ्याशी यावरून वाद घालतात.)

आता कधी विकायचा, ते. नियमित क्वार्टरबॅक ठणठणीत असतो तेव्हा आठवड्याच्या सरावात जवळजवळ सगळे स्नॅप (चेंडू हातात घेऊन केलेल्या चाली) तोच घेतो. बॅकअप बिचारा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची सोंगं काढून आपल्याच डिफेन्सला सराव देत असतो. सामन्याच्या मध्यात उतरला तर त्याच्यासाठी काही शिजवलेलंच नसतं. पुढच्या आठवड्यात कोच त्याच्या आवडीचे प्ले लावतो, आणि समोरच्या डिफेन्सकडे त्याचं फिल्म (खेळाचं चित्रीकरण) नसतं. हा त्याचा वसंत ऋतू. दोन-तीन सामन्यांत फिल्म जमतं आणि मग लोक त्याच्या खोड्या ओळखू लागतात. जॉश डॉब्स आठवतो? एरोस्पेस इंजिनिअर, त्यामुळे आपल्या लोकांना फार जवळचा वाटला होता. २०२३ मध्ये ३१ ऑक्टोबरला व्हायकिंग्जनी त्याला आणला, पाच दिवसांनी अटलांटात अचानक उतरावं लागलं, आणि त्याने दोन टचडाउन फेकले, एक पळून केला, ६६ यार्ड पळाला, सामना जिंकून दिला. संघातल्या सगळ्यांची नावंही त्याला धड माहीत नव्हती. त्याच महिन्याच्या शेवटी बेअर्सविरुद्ध चार इंटरसेप्शन, आणि त्याच्या पुढच्या सामन्यात बाकावर.

आणि विन्स्टन? ज्या रात्री ४९७ यार्ड फेकले त्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील, सोळाव्या आठवड्यात आमच्या कोचने त्याला बसवून दुसऱ्याच पोराला उतरवलं. सोळावा आठवडा म्हणजे फँटसीची उपांत्य फेरी! नियमित माणूस वाईट खेळला तरी टिकतो, कारण त्याच्या पगाराचे आकडे मोठे असतात. बॅकअपला तो आधार नसतो. तेव्हा नोव्हेंबरात तो पेटला की त्याच आठवड्यात, जो क्वार्टरबॅकसाठी तळमळतोय त्याला विकून टाका. निक फोल्ससारखी उदाहरणं देऊन लोक तुम्हाला थांबवतील. २०१७ मध्ये नियमित क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ जखमी झाल्यावर फोल्सने पहिल्याच सामन्यात जायंट्सविरुद्ध चार टचडाउन फेकले. पुढचा आठवडा फँटसीची अंतिम फेरी, नाताळची रात्र, रेडर्स: १६३ यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन. साडेआठ पॉइंट्स. सहा आठवड्यांनी तोच सुपर बोलचा (मोसमाच्या अंतिम सामन्याचा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला, ३७३ यार्ड आणि एक टचडाउन झेलूनसुद्धा. पण फँटसीचा करंडक तोवर कुणाच्या तरी शोकेसमध्ये बसला होता.

आता तुमचा मूळ प्रश्न. एक क्वार्टरबॅकच्या लीगमध्ये मी म्हणाले असते, बॅकअप घेऊन जागा अडवू नका, वेव्हरवर नियमित खेळणारे दहा-पंधरा पडलेले असतात. सुपरफ्लेक्समध्ये तसं नाही. बारा जण, प्रत्येकी दोन, म्हणजे २४ क्वार्टरबॅक दर आठवड्याला उतरतात. संघ ३२. बाय वीकमध्ये कधी चार, कधी सहा संघ सुट्टीवर. बरेच जण तिसराही धरून ठेवतात. म्हणजे वेव्हरवर काही नसतंच. तेव्हा तुमच्यासाठी उत्तर हो, पण शेवटच्या फेरीतच, आणि बेंगल्ससारख्या घरातला असेल तरच. चेस आणि हिगिन्सशी संघाने मार्च २०२५ मध्ये चार-चार वर्षांचे करार केलेत, म्हणजे संहिता आणि सहकलाकार दोन्ही जागेवर. रिसीव्हर नाहीत आणि डिफेन्स भक्कम, अशा संघाच्या बॅकअपवर शेवटची फेरीही वाया घालवू नका.

नाव मात्र आत्ता ठरवू नका. ऑगस्टच्या शेवटी संघ ५३ जणांवर आणतात तेव्हा दोन नंबरच्या खुर्च्या गरागरा फिरतात. विलिस पॅकर्सकडे ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात आला, नव्या खेळाडूंच्या सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात, आणि सप्टेंबरच्या मध्यात सामना जिंकून बसला होता. प्रीसीझनमधल्या टचडाउनवरही जाऊ नका. तिसऱ्या क्वार्टरनंतर समोर असतात ते बरेचसे पुढच्या आठवड्यात घरी जाणारे.

आणि हे विम्यासारखं आहे हे लक्षात ठेवा. हप्ता म्हणजे बेंचवरची ती एक जागा, दर आठवड्याला. ऑक्टोबरात तुमचे दोन रनिंग बॅक बाय वीकवर असतील तेव्हा ती जागा टोचेल, आणि तुम्ही बॅकअपला सोडाल, आणि बरोबर त्याच रविवारी काहीतरी होईल. टोचणार असेल तर आधीच घेऊ नका.

बोलीचं गणित असं मांडा. त्या जागी बॅकअप नसता तर तुम्ही कुणाला खेळवलं असतं? समजा एखादा रिसीव्हर, जो दहा पॉइंट्स देतो. बॅकअपकडून तुम्हाला चौदाची अपेक्षा आहे. म्हणजे तुम्ही चौदा विकत घेत नाही, चार घेताय. त्या चारला, जितके आठवडे तो खेळणार त्याने गुणा, मग ठरवा. बरो सुमारे अडीच महिने नव्हता, थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेर) परतला. तेवढ्या काळासाठी मी २०-२५ डॉलर लावले असते. आणि हा आकडा मंगळवारी दुपारी, डोकं थंड असताना कागदावर लिहायचा. रविवारी रात्री, रिप्ले बघता बघता नाही.

वयाचं तर बोलूच नका आता. डिसेंबर २०२५ मध्ये कोल्ट्सनी फिलिप रिव्हर्सला बोलावलं. वय ४४, पाच वर्षं निवृत्त, नातवंडाचा आजोबा. पहिल्या सामन्यात १२० यार्ड, तेव्हा सगळे हसले. दुसऱ्यात फोर्टीनाइनर्सविरुद्ध २७७ यार्ड आणि दोन टचडाउन. अर्थात संघ ४८-२७ हरला. गळका डिफेन्स, बघा.

राहिल्या वहिनी. मी त्यांच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही. २ जानेवारी २०२३ ला तुमच्याच गावात, बिल्सविरुद्धच्या सोमवारच्या सामन्यात, डमार हॅम्लिनचं हृदय मैदानावर थांबलं होतं. तो फँटसीचा सतरावा आठवडा होता, देशभरातल्या लीगच्या अंतिम फेऱ्या बरो आणि जॉश अ‍ॅलन यांच्यावर अडल्या होत्या. आमच्या ग्रुपवर त्या रात्री कुणीही पॉइंट्सचं नाव काढलं नाही. सामना रद्द झाला, आम्ही विजेतेपद वाटून घेतलं. हॅम्लिन बरा होऊन पुढच्या मोसमात परत खेळला, म्हणून आज हे लिहिता येतंय. तेव्हापासून मी एक पथ्य पाळते: माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर जाईपर्यंत, किंवा काय झालंय ते कळेपर्यंत, फोन उलटा ठेवायचा. वेव्हर बुधवारी पहाटे उघडतात. बोली मंगळवारी रात्रीपर्यंत लावता येते, रविवारच्या त्या पाच मिनिटांत तुमचं काहीही चुकत नाही. वहिनींना हे दाखवा, आणि चार आठवडे करूनही दाखवा.

जाता जाता: तुमच्या लीगमध्ये फेकलेल्या टचडाउनला चार मिळतात की सहा, हे तुम्ही कळवलंच नाहीत. मी चार धरलेत. सहा असतील तर फ्लॅकोच्या त्या बेअर्सच्या रात्रीचे ३१ वरून ३९ होतात आणि हिल होता तिथेच राहतो. मग पळणाऱ्यापेक्षा फेकणारा बॅकअप घ्या.